तव्यावरचा हात

ता. ३ जानेवारी २०२५, शुक्रवार

तीर्थस्वरूप रुद्रम्मा आक्कांना,
शिवकांताचा शरणार्थ नमस्कार.

त्या सकाळी अंगण झाडून झालं होतं. गोठ्यातलं शेण उकिरड्यावर टाकलं, म्हशीपुढं पेंड ठेवली, दूध काढलं, चुलीच्या वैलावर पाणी ठेवलं आणि मी भाकरीला बसले. चूल एका अंगाला कललेली आहे, तुम्हाला माहीत आहे, तुमच्या आईनं घातलेली चूल ती. तवा हलू नये म्हणून डाव्या हातात फडकं घेऊन त्याचा काठ धरायचा, ही सवयही मला तुमच्या आईनंच लावली. त्या दिवशी फडकं कधी निसटलं ते कळलं नाही. मी उजव्या हातानं भाकरीवर पाणी फिरवत होते आणि घरात काहीतरी जळाल्याचा वास यायला लागला.

आधी वाटलं, भाकरी करपली. भाकरी पांढरी होती. मग वाटलं, पदर पेटला. पदर बघितला, मांडीवरून झटकला. जळण मागं ओढलं. वास वाढतच होता. मग तव्याकडं बघितलं. माझी करंगळी तव्याच्या काठाला चिकटली होती.

आक्का, मी ओरडले नाही. दुखत असतं तर ओरडले असते.

पत्र असं मधूनच का सुरू केलं, असं म्हणाल. तर आधी रीतीचं लिहून घेते. तुरीला शेंग चांगली धरली आहे. म्हैस गाभण आहे. तुमचा भाचा योगीराज मंगळवारी पुण्याला परत गेला, पोचल्याचा फोन आला. सोमवारी येळवशीच्या आवसेला शेत पुजायला तुम्ही आलात, तुमच्या भावाच्या शेतात पाय लावलात, बरं वाटलं. तुमच्यासाठी भरलेला डबा मात्र शेतातल्या कडब्याच्या कोपीतच राहिला. विसरला म्हणू, की ठेवून गेलात म्हणू, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. डबा घासून ठेवला आहे.

आणि आता ज्यासाठी लिहिते आहे ते. हे पत्र तुमच्या डाव्या हातासाठी आहे. सोमवारी मी जे बघितलं त्यानंतर मला गप्प बसता येत नाही. तुम्ही रागावाल, पण फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाचा. तुमच्या हाताचं सांगायचं तर आधी माझ्या हाताचं सांगावं लागतं. तुम्ही ते कधी विचारलं नाही.

दोन हजार वीस सालचा फेब्रुवारी होता. तुळजाबाई, आमच्या गल्लीची आशा, घरोघर फिरून बायकांचे हात, पाठी, कानाच्या पाळ्या बघत होती. माझ्या डाव्या कोपराच्या खाली एक फिकट चट्टा होता. मला वाटायचं, उन्हानं रंग उडाला. तिनं देवापुढची एक फुलवात मागून घेतली आणि म्हणाली, “डोळे मिटा मावशी. वात लागली की हूं म्हणा.”

मी डोळे मिटून बसले. वाट बघून बघून म्हटलं, “अगं, लाव की आता.”

“लावलीय की मावशी,” ती म्हणाली. डोळे उघडले तर ती वात चट्ट्यावर फिरवतच होती.

मग तिनं मला जवळ बसवून हळू आवाजात आजाराचं नाव सांगितलं आणि लगेच म्हणाली, “भ्यायचं काम न्हाय. लवकर सापडलंय. फुकट गोळ्या असतेत, त्यानं जातंय. गुरुवारी त्याचे साहेब दवाखान्यात येतेत, मी नेते तुमाला.”

त्या गुरुवारी साहेबांना तालुक्याला बैठकीला बोलावलं. पुढच्या गुरुवारी त्यांना नव्या आजाराचं शिक्षण होतं. असे एकेक गुरुवार गेले, पाडवा आला आणि पाडव्याला सगळा देश बंद झाला.

तुम्ही पाडव्यासाठी म्हणून आदल्या दिवशी आलात आणि इथंच अडकलात. आठवतं का? आषाढ लागला तरी गाड्या नव्हत्या. खोटं बोलत नाही आक्का, माझ्या सगळ्या संसारात ते दिवस मला फार गोड गेले. ऊन उतरलं की तुम्ही माझी वेणी घालायच्या. एका ताटात आपण ज्वारीच्या कण्या खायचो. तुमचा भाऊ म्हणायचा, “नणंद-भावजयीचं एवढं सख्य बरं न्हाय, माझं कोण ऐकंल मग?” आणि तुम्ही म्हणायच्या, “तुझं आधी तरी कोण ऐकत होतं रे सिद्धाराम?”

त्याच दिवसांत ह्यांनी मला मोटारसायकलवरून दवाखान्यात नेलं. फाटकाशी दोरी बांधली होती. आतून एक माणूस ओरडला, “ताप हाय का?”

“न्हाय,” हे म्हणाले.

“खोकला?”

“न्हाय.”

“मग कशाला मरायला आलाव मामा? घरी बसा की.”

ह्यांनी हात जोडले. “हिच्या हाताचं दाखवायचंय.”

“हाताचं? आता काय हाताचे दिवस हायेत का?”

ह्यांनी गाडी वळवली. गुरुवारच्या साहेबांना तुमच्या नळदुर्गच्या रस्त्यावर नाक्याला उभं केलं होतं, ट्रकवाल्यांच्या कपाळाला ताप बघायचं यंत्र लावायला. मी त्यांना शिव्या देत नाही. उन्हातान्हात तेही बिचारे तोंड बांधून उभे होते. पण एक आजार आला म्हणून बाकीचे आजार काही घरी बसले नव्हते. त्यांना कुणी दोरी बांधली नव्हती. हे कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे, म्हणून मी लिहिते.

तुळजाबाई मात्र येत राहिली. आता तिच्या हातात ते चिमट्यासारखं यंत्र असायचं. दारात लांब उभी राहायची आणि म्हणायची, “मावशी, बोट द्या.” मी बोट द्यायची. कधी उजवं, कधी डावं. ती आकडा बघायची, म्हणायची, “झकास हाय,” आणि पुढच्या दाराला जायची. आक्का, तिनं माझं बोट धरलेलं असायचं आणि चट्टा तिथून हातभर वर, बाहीच्या खाली. तो वाढत होता. तिला तेव्हा बाही वर करायला कुणी सांगितलेलं नव्हतं. ज्या बोटात ती माझा श्वास शोधायची, त्याच बोटातलं भान हळूहळू जात होतं आणि आकडा मात्र दर वेळी झकास होता.

एकदा मीच म्हटलं, “तुळजाबाई, ते चट्ट्याचं गं?”

तिनं तोंडावरचं फडकं सारखं केलं. “मावशी, ते सगळंच बंद हाय. गोळ्या आणायला मीच दोनदा जाऊन आले, खोलीला कुलूप हाय. जरा दम धरा.”

दम धरला. सगळ्यांनीच धरला होता.

पुढच्या वर्षी चैत्रात काय झालं ते मी तुम्हाला काय सांगू. तो तुमचा भाऊ होता. ऑक्सिजनच्या खाटेवरून ह्यांचा फोन आला होता, तो मात्र मी तुम्हाला कधी सांगितला नाही. आवाज पार बसला होता. मला वाटलं, शेताचं काही सांगतील, योगीराजचं सांगतील.

“शिवकांता, तुझं हाताचं राहिलं बघ.”

“तुम्ही आधी घरी या,” मी म्हटलं.

“येतो की. पण तू दाखव.”

ते आले नाहीत. ह्यांचं शेवटचं बोलणं माझ्या हाताबद्दल होतं, एवढं मी इतके दिवस माझ्यापाशी ठेवलं. दुसरं काही ठेवायला मिळालं नाही. तोंडसुद्धा बघू दिलं नाही कुणाला.

त्या पावसाळ्यात गावात लस आली. शाळेच्या व्हरांड्यात रांग होती, मी डाव्या दंडावर घेतली. त्यानंतर महिना-दोन महिन्यांत डावा हात जड पडायला लागला. पातेलं हातातून सुटायचं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, “सुईनं झालं, सुईनं.” तुम्हीही फोनवर म्हणालात, “शीर धरली असंल. माझापण हात तेव्हापासून बधिर हाय.” आक्का, हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. सोमवारी ते मला परत आठवलं.

लसीनं काही झालं नव्हतं. लस चांगली होती, ती आधी आली असती तर तुमचा भाऊ आज तुरीत उभा असता. पण डाव्या दंडाला सुई आणि डाव्याच हाताला बधिरपणा, आणि सगळ्या गावाच्या तोंडी दुसरा विषय नाही. मलासुद्धा ते पटलं. ह्यांचे शब्द धरून बसले आणि चट्टा मी विसरले. वातीचं विसरले. बाईचा नवरा गेल्यावर ती आपल्या कोपराकडं बघत बसते का?

मग ती तव्याची सकाळ आली.

तुळजाबाईनं भाजलेली करंगळी बघितली आणि माझी बाही वर केली. चट्टा दंडापर्यंत गेला होता, पाठीवर दुसरे होते. ती तिथंच उंबऱ्यावर बसली. “मावशी, राहूनच गेलं,” म्हणाली आणि रडली. मी नाही रडले. मी तिला पाणी दिलं.

आता नाव लिहिते. कुष्ठरोग. ज्याला आपल्यात महारोग म्हणतात आणि तेही पदर तोंडाला लावून. इतका वेळ टाळलं ते तुमच्यासाठी. मला आता त्या शब्दाचं काही वाटत नाही. वर्षभर गोळ्या घेतल्या. लघवी लाल झाली, अंग काळवंडलं, ते परत उजळलं. गोळ्यांच्या पाकिटावर मराठीत लिहिलेलं सगळं मी वाचलं, दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेलंही वाचलं. तुम्ही चौथी शिकलात, मी शाळेची पायरी चढले नाही. योगीराजची पहिली तीच माझी पहिली, त्याच्या पुस्तकावरून मी वाचायला शिकले, आणि तेव्हा तुम्ही हसलात. “आता काय कलेक्टर होतीस का गं?” म्हणालात. कलेक्टर झाले नाही. पण पहिल्या गोळ्या पोटात गेल्या की थोड्याच दिवसांत हा आजार दुसऱ्याला लागत नाही, एवढं त्या भिंतीवर लिहिलेलं मला वाचता आलं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. गोळ्या संपल्यावर ते म्हणाले, “बाई, तुम्ही बऱ्या झालात.”

“आणि बोटं?” मी विचारलं.

“बोटं राहिली आता तशीच. त्या वर्षी आला असता तर राहिली नसती.”

“आले होते की,” मी म्हटलं. डॉक्टर नवीन होते.

मी बरी झाले आणि लोकांचं सुरू झालं. लोकांचं सोडा. गोळ्या चालू असताना जी येळवस आली तिचं बोलू. तुम्ही आला होतात. मी पहाटेपासून बाजरीच्या पिठात हात घालून उंडे वळत होते. गेली पस्तीस-चाळीस वर्षं ह्या घरात उंडे मीच वळते. तुम्ही आत आलात, उभ्या राहिलात आणि माझ्यासमोरची परात पायानं बाजूला सारली. हातानं सारली असती तरी चाललं असतं, आक्का.

“तू राहू दे,” म्हणालात. “लोकं जेवणार हायेत. आपल्या शेतात कुणी जेवलं न्हाय तर सिद्धारामाचं नाव जाईल.”

येळवशीला आपण वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हात धरून कोपीत बसवतो. शेंगा-भाज्यांची पातळ भज्जी वाढतो, आंबिलीचा तांब्या पुढं करतो. जात विचारत नाही, गाव विचारत नाही. त्या दिवशी त्या शेतात उपाशी राहिलेली मी एकटी होते. बांधावर तुरीच्या आड बसले होते. तुम्ही मला हाक मारली नाही.

पुढं तुमच्या नातवाचं लग्न झालं. पत्रिका एकट्या योगीराजच्या नावानं आली. तुमची नातसून निकिता अजून मला ओळखत नाही.

म्हणून ह्या वर्षी मी ठरवलं. दिवाळी झाली तशी मी गल्लीत दारोदार गेले. वाकडी बोटं पदराखाली घेतली नाहीत. प्रत्येक दारात म्हटलं, “येळवशीला आमच्या शेतात यायचं. उंडे मी वळणार हाय, भज्जी मी करणार हाय. ज्याला जमंल त्यानं जेवावं, ज्याला जमायचं न्हाय त्यानं आंब्याच्या झाडाखाली बसून हवा खावी.” दगडोबा मामा दाराशीच बसले होते. म्हणाले, “हवा खायला मी रिकामा न्हाय, मी जेवायलाच येणार.” आणि आले. तुळजाबाई सगळ्यांच्या आधी पंगतीला बसली. काही जण आले नाहीत. काही जण आले आणि तुम्ही ताटाकडं बघत होतात तसंच बघत बसले, मग भूक लागली तसे जेवले.

तुम्ही जेवला नाहीत. उपास म्हणालात. सोमवारचा उपास मीही कधी मोडला नाही, पण येळवशीला सोमवार आला तर तुमच्या आई काय म्हणायच्या ते तुम्हाला आठवत असेल. त्या दिवशी शेत जेवतं, आपणही जेवायचं.

ते असू दे. भज्जीचं भांडं तीन दगडांवर चढवलेलं होतं, कडेनं बुडबुडे येत होते. योगीराज फडकं शोधायला गेला. तुम्ही उठलात, “सरका तिकडं,” म्हणालात आणि डाव्या हातानं कड धरून, उजव्यानं दुसऱ्या कडेला झाडाचं पान लावून ते भांडं उतरवून ठेवलं. डाव्या हाताला पान नव्हतं. सगळे हसले. दगडोबा मामा म्हणाले, “रुद्रम्माचा हात म्हंजे सांडशी हाय नुसती.” तुम्हीही हसलात. “आमच्या काळातले हात हायेत हे,” म्हणालात. “लस घेतल्यापासून तर काईच लागत न्हाय मला.”

मला तव्याचा वास आला. खरंच आला.

मी पाण्याचा तांब्या घेऊन तुमच्याजवळ आले, आठवतं? “आक्का, हात बघू.”

“काय झालंय हाताला?”

“भाजलं असंल.”

“न्हाय भाजलं.” पण तळहाताला फोड धरत होता, तुम्ही मुठीत लपवायला गेलात आणि करंगळी मुठीत गेली नाही. हातावरचा पदर मागं सरकला. मनगटाच्या वर तो चट्टा होता, फिकट, कडेनं तांबूस. मी तो रंग आरशात वर्षभर बघितला आहे.

मी नुसतं म्हटलं, “आक्का, दवाखान्यात चला माझ्यासंगं.”

तुम्ही पदर ओढून घेतलात. “तुझ्यासारखं न्हाय मला,” म्हणालात. मोठ्यानं म्हणालात, म्हणजे बाकीच्यांना ऐकू जावं. आणि उन्हं कलायच्या आत तुमच्या नातवाच्या गाडीवर बसून निघून गेलात.

मी तेव्हा पुढं बोलले नाही, कारण समोर माणसं होती आणि तुमची लाज मला ठेवायची होती. माझी कुणी ठेवली नव्हती, म्हणून मला तिची किंमत जास्त कळते.

आता ते लिहिते जे चार दिवस लिहायचं टाळते आहे. तुमचं मनातल्या मनात ते म्हणून झालं असेल, म्हणून मीच म्हणते. तुम्हाला हे माझ्याकडून आलं असेल. पाडव्यापासून आषाढापर्यंत आपण एका ताटात जेवलो, एका चटईवर झोपलो, आणि तेव्हा माझ्या अंगात ते होतं आणि पोटात एकही गोळी नव्हती. मी डॉक्टरांना माझ्याबद्दल विचारलं होतं, मला कुणाकडून आलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, हा आजार अंगात वर्षानुवर्षं मुकाट बसून राहतो. तुमचंही कदाचित तसंच असेल, मुळीच माझ्याकडून नसेल. पण असेलही.

मी माफी मागणार नाही, आक्का. पुष्कळ विचार केला आणि ठरवलं. मी त्या साली दारात जाऊन उभी राहिले होते. गोळ्या असत्या तर त्या चैत्रातच पोटात गेल्या असत्या, आपण एका ताटात जेवलो त्यात आजार नसता, नुसत्या कण्या असत्या. मला परत पाठवलं. तुमच्या भावाला हात जोडायला लावले आणि परत पाठवलं. माझ्या बोटांचं पाप मी माझ्या पदरात घेतलं नाही, तर तुमच्या बोटांचं कसं घेऊ? आणि तुम्हीही घेऊ नका. लाज आपल्या दोघींची नाही.

तुमची करंगळी अजून अर्धीच वळली आहे. मी बघितलं आहे. माझी पूर्ण वळली तोपर्यंत मला कुणी सांगणारं नव्हतं. तुम्हाला मी आहे. आता ती खोली उघडी असते. गुरुवारच्या साहेबांच्या जागी एक बाई आल्या आहेत, चांगल्या आहेत, मोठ्यानं बोलत नाहीत. नळदुर्गला तुम्हाला ओळखीची माणसं भेटतील म्हणून लाज वाटत असेल तर इकडं माझ्याकडं चला, इथून जाऊ. निकिताला, नातवाला एकेक गोळी देतात, त्यांना होऊ नये म्हणून. त्यांना सांगायचं कसं ते मी बघते. मला आता सांगायची सवय झाली आहे.

आणि तुम्हाला हे सगळं माझ्या मनातलं वाटत असेल तर देवापुढची फुलवात घ्या. दार लावा, डोळे मिटा, कुणालातरी मनगटाच्या वर फिरवायला सांगा. वात लागली तर मला फोन करून पोटभर शिव्या द्या. मी ऐकून घेईन, एक शब्द उलटा बोलणार नाही.

एवढंच लिहायचं होतं. उद्या पोस्टात टाकते.

ता. ४, शनिवार

पोस्टात टाकलं नाही. पोस्टातलं पत्र तुम्ही चुलीत घातलं असतं, तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

सकाळी झाडलोट केली. म्हैस दगडोबा मामांच्या सुनेवर सोपवली. बाजरीचं पीठ मळलं आणि उंडे वळले, दोन्ही हातांनी. तुमच्या राहिलेल्या डब्यात भरले. ढोकीच्या फाट्यावरून धाराशिवची गाडी धरली, तिथून तुळजापूरवरून इथं आले. शेजारी बसलेल्या बाईनं माझ्या बोटांकडं बघून विचारलं, “काय झालंय हो?” मी सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. ती जरा सरकली आणि तुळजापूर यायच्या आत परत होती तिथं आली.

तुमची निकिता दारात भेटली. गोड पोर आहे. मी म्हटलं, “मी तुझ्या आजेसासूची भावजय, ढोकीकडची.” ती पटकन वाकली नमस्काराला, आणि माझा हात धरून ओट्यावर बसवलं. डावा हात होता. तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आत तुमचा आवाज आला, “कोण हाय गं?” आणि तिनं सांगितल्यावर तुम्ही बाहेर आला नाहीत.

म्हणून ह्या चार ओळी तुमच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. पत्र निकिताजवळ आत पाठवते. ती वाचणार नाही, मी शपथ घातली आहे. वाचून झालं की बाहेर या. फुलवात मी पदरात आणली आहे.

संध्याकाळची गाडी गेली तर उद्याची आहे. डबा उघडून माझ्यासमोर जेवल्याशिवाय आणि हात दाखवल्याशिवाय मी ह्या ओट्यावरून उठत नाही.

तुमच्या सिद्धारामाची बायको,
शिवकांता